स्कॉटिश सरकारला लेखी प्रश्न : आकडा हाती लागेल असा कसा लिहावा

होलीरूडच्या संसदेत, म्हणजे एडिनबरातल्या स्कॉटिश संसदेत, लेखी प्रश्नांची उत्तरं सतत प्रसिद्ध होत असतात आणि त्यातली बरीचशी वाचून हाती काहीच लागत नाही. मंत्री टाळाटाळ करतात हे खरं, पण अनेकदा प्रश्नाची मांडणीच अशी असते की प्रामाणिक उत्तर दिलं तरी आकडा बाहेर येत नाही. दवाखाने, शाळा, रस्ते यांवरचा पैसा कुठे जातो हे स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं. म्हणून हे सविस्तर.

प्रश्न नागरिकाला थेट दाखल करता येत नाही, तो एमएसपीच (स्कॉटिश संसदेचे सदस्य) करू शकतात. संसदेत १२९ एमएसपी आहेत : ७३ मतदारसंघांचे आणि ५६ प्रादेशिक. प्रत्येक रहिवाशाच्या वाट्याला त्यातले आठ येतात, एक मतदारसंघाचा आणि सात प्रदेशाचे. नुसती तक्रार पाठवली तर ती बहुधा आरोग्य मंडळाकडे किंवा काउन्सिलकडे (स्थानिक संस्थेकडे) रवाना होते. त्यापेक्षा प्रश्नाचा तयार मसुदा पाठवा, कार्यालयातल्या माणसांचं काम निम्मं होतं.

विषय होलीरूडच्या अखत्यारीतला आहे ना, हे आधी बघा. आरोग्य, शाळा, पोलीस, स्थानिक संस्था यांचं तिथे विचारायचं. व्हिसा आणि युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) हे वेस्टमिन्स्टरचं, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेचं, त्यासाठी तिथल्या खासदाराला गाठा.

प्रश्नाची सुरुवात ठरलेली असते : ‘स्कॉटिश सरकारला विचारण्यात येते की…’. तो थोडक्यात हवा, त्यात मतप्रदर्शन नको, न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणाला धक्का लागेल असं काही नको. संसदेचं प्रश्न स्वीकारणारं कार्यालय, चेंबर डेस्क, तो तपासतं, मग त्याला क्रमांक मिळतो. २०२१ मध्ये निवडून आलेल्या संसदेतल्या लेखी प्रश्नांचे क्रमांक ‘एस६डब्ल्यू’ने सुरू होतात : सहावी संसद, लेखी प्रश्न. उत्तर साधारणपणे कामकाजाच्या १० दिवसांत आणि मोठ्या सुट्टीत २० दिवसांत यायला हवं. ‘शक्य तितक्या लवकर उत्तर देऊ’ एवढंच आलं तर ते तात्पुरतं उत्तर असतं. ते आलं म्हणून पाठपुरावा सोडू नका.

सगळ्यात जास्त प्रश्न अडतात ते ‘ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ या एका वाक्यावर. आरोग्यसेवा १४ प्रादेशिक मंडळं चालवतात, शाळा आणि स्थानिक रस्ते ३२ काउन्सिलं. प्रौढांच्या सामाजिक सेवांचं नियोजन २०१४ च्या कायद्याने आलेल्या ३१ एकात्मिक प्राधिकरणांकडे (मंडळं आणि काउन्सिलं यांच्या सामाईक यंत्रणांकडे) असतं. सरकार पैसे देतं, पण प्रत्येक खर्चाची नोंद त्याच्याकडे नसते. रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल विचारलंत तर सरकार फक्त ट्रंक रस्त्यांचं उत्तर देईल, म्हणजे एम८, ए९ सारख्या मुख्य महामार्गांचं. तुमच्या गल्लीतला खड्डा काउन्सिलचा. शाळेच्या इमारतींचं मात्र वेगळं आहे. इमारती काउन्सिलांच्या असल्या तरी त्यांच्या अवस्थेची ‘ए’ ते ‘डी’ अशी प्रतवारी सरकारच्या वार्षिक आकडेवारीत येते, त्यामुळे तिच्यावरचा प्रश्न चालतो. आपत्कालीन विभागातल्या चार तासांच्या लक्ष्याचे (रुग्णावर चार तासांत उपचार किंवा निर्णय व्हावा) आकडे पब्लिक हेल्थ स्कॉटलंड ही सार्वजनिक आरोग्य संस्था दर आठवड्याला प्रसिद्ध करतं. त्यासाठी प्रश्न खर्ची घालायचं कारणच नाही.

आता पैसा. ‘पुरेसा निधी का दिला नाही?’ असं विचारलं की ‘विक्रमी निधी दिला आहे’ असं उत्तर येतं, आणि महागाईमुळे रोख रकमेत ते बहुतेक दरवर्षी खरंही असतं. म्हणून चार गोष्टी प्रश्नातच बांधून टाका. वर्षं नावानिशी लिहा, ‘गेली पाच वर्षं’ नको. रोख आणि वास्तव (महागाई वजा केलेली) किंमत दोन्ही मागा, आणि वास्तव किंमत कोणत्या वर्षाच्या किमती धरून तेही लिहा. महसुली आणि भांडवली खर्च वेगळे मागा. चौथी गोष्ट बहुतेकजण विसरतात : आकडा मूळ अर्थसंकल्पाचा, सुधारित अर्थसंकल्पाचा की प्रत्यक्ष खर्चाचा?

या चौथ्या गोष्टीवरच सगळे वाद होतात. सामाजिक सेवांसाठीची मोठी रक्कम वर्षाच्या सुरुवातीला आरोग्य खात्यात दाखवली जाते आणि शरद किंवा वसंत ऋतूत होणाऱ्या अर्थसंकल्पाच्या सुधारणेत स्थानिक संस्थांकडे वळते. मागच्या वर्षीचा सुधारित आकडा यंदाच्या मूळ आकड्याशी ताडला की काउन्सिलांची कपात दिसते, मूळ आकडा मूळ आकड्याशी ताडला की वाढ दिसू शकते. दोन्ही बाजू खऱ्या आकड्यांनीच भांडतात. तुलना समान टप्प्यांची मागितली की हा गोंधळ मिटतो.

लंडनहून स्कॉटलंडला मिळणाऱ्या पैशातला बदल ठरवणाऱ्या बार्नेट सूत्राबद्दलचे प्रश्नही असेच फसतात. इंग्लंडमधल्या खात्याच्या खर्चात झालेला बदल, ती सेवा कितपत स्कॉटलंडकडे हस्तांतरित आहे त्याचं प्रमाण, आणि लोकसंख्येचं प्रमाण, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे स्कॉटलंडचा वाटा. इंग्लंडच्या आरोग्यावर १०० कोटी पौंड खरोखर वाढले तर इकडे साडेनऊ कोटींच्या आसपास येतात. ‘खरोखर’ महत्त्वाचं, कारण घोषणा जुन्याच तरतुदीतून झाली असेल तर काहीच येत नाही. आणि आलेले पैसे त्याच कामासाठी राखीव नसतात, ते एकूण गंगाजळीत मिसळतात. ‘आरोग्यासाठी आलेले पैसे कुठे गेले?’ या प्रश्नाला म्हणूनच हिशेब मिळत नाही. त्याऐवजी अर्थसंकल्पासोबत येणारा ‘लेव्हल ४’चा, म्हणजे सर्वांत बारीक तपशिलाचा तक्ता उघडा, त्यातली नेमकी ओळ शोधा आणि तिच्या नावाने प्रश्न विचारा. मंडळांमध्ये दरडोई तुलना करतानाही जपून : मंडळांना निधी वाटण्याचं एनआरएसी सूत्र वय, वंचितता आणि दुर्गम भागातला जादा खर्च धरतं, त्यामुळे ऑर्कनीची दूरची बेटं आणि ग्लासगो शहर एका मापाने मोजता येत नाहीत.

उत्तर अर्धवट आलं तर पुढचा प्रश्न ‘अमुक क्रमांकाच्या उत्तराच्या अनुषंगाने’ असा लिहावा, म्हणजे मंत्र्यांना मागचं उत्तर बाजूला सारता येत नाही. उत्तरात ‘बिब’ क्रमांक (दस्तऐवजाचा नोंदणी क्रमांक) दिसला तर तक्ता संसदेच्या माहिती केंद्रात ठेवलेला असतो, तो तिथून मागवायचा.

माहिती मंडळाकडेच असेल तर २००२ च्या स्कॉटिश माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली एकच मजकूर चौदाही मंडळांना पाठवा. शब्द सगळीकडे तेच ठेवा, नाहीतर उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. मुदत कामकाजाचे २० दिवस. शोधायचा खर्च ६०० पौंडांच्या वर जाणार असेल तर नकार देता येतो, म्हणून वर्षं कमी मागा. नकार पटला नाही तर ४० कामकाजी दिवसांच्या आत त्याच संस्थेकडे फेरविचार मागायचा. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत सेंट अँड्र्यूजमधल्या माहिती आयुक्तांकडे अपील करता येतं.