रुपये, पैसे आणि कंपायलर: टॉकची तयारी कुठवर आली

पुण्यातल्या मीटअपला टाइप सिस्टिमवर (कुठली व्हॅल्यू कुठे चालते हे तपासणाऱ्या भाषेच्या नियमांवर) बोलायचं ठरलं तेव्हाच एक अट घालून घेतली: समोरच्याला हॅस्केलसारखी टाइप-प्रेमी भाषा येत नाही, आणि यायची गरजही नाही. रोज जावास्क्रिप्ट, पायथन, फार तर जावा लिहिणारी मंडळी सुट्टीची सकाळ मोडून येणार. सोमवारी कामावर वापरता येईल असं काहीतरी त्यांच्या हाती लागलं पाहिजे. त्यामुळे फंक्टर, मोनॅड, हिंडली-मिल्नर ही सगळी थिअरी पहिल्याच फेरीत कापली. (मिल्नरवर माझा जीव आहे. कुणी विचारलंच तर प्रश्नोत्तरांत.)

मार्स क्लायमेट ऑर्बिटर या नासाच्या मंगळयानाचं उदाहरणही काढून टाकलं. १९९९ मध्ये एका सॉफ्टवेअरने पाउंड-फोर्स सेकंदांत आकडे दिले, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले आणि यान गेलं. प्रत्येक टाइप-टॉकमध्ये ही गोष्ट येते. पण ते आकडे फाइलमधून इकडून तिकडे गेले होते, आणि फाइलमध्ये टाइप उरत नाही. कुणी चाणाक्ष माणसाने हात वर केला की माझं उदाहरण तिथेच आडवं.

आता सगळा टॉक एकाच ऑनलाइन ऑर्डरवर आहे. आपल्याकडे पेमेंट गेटवेला रक्कम बहुधा पैशांत द्यावी लागते. ४९९ रुपयांच्या ऑर्डरला नुसता ४९९ पाठवला की ग्राहकाकडून ४ रुपये ९९ पैसे घेतले जातात. प्रोग्रामच्या लेखी दोन्ही नुसते नंबर. टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप असलेल्या जावास्क्रिप्टमध्ये) ‘रुपये’ आणि ‘पैसे’ अशी नंबरला दोन टोपणनावं दिली तरी कंपायलर हूं की चूं करत नाही, कारण तिथे नाव नाही, रचना बघितली जाते. मग नंबरला एक खोटं फील्ड चिकटवून ‘ब्रँड’ करावा लागतो. रस्ट या भाषेत दोघांसाठी एकेका फील्डचा वेगळा स्ट्रक्ट (स्वतःचा टाइप) केला की काम झालं: पैशांच्या जागी रुपये दिले की कंपायलरची एरर, ई०३०८, टाइप जुळत नाहीत. पायथनवाल्यांसाठी न्यूटाइप आहे, पण तो मायपाय हा टाइप चेकर चालवला तरच बोलतो, आणि दोन रकमांची बेरीज केली की उत्तर परत साधा इंट.

दुसरा भाग सोपा आहे, लवकर उरकतो. ‘पैसे भरले’, ‘माल पाठवला’, ‘रद्द’ असे तीन बूलियन (हो/नाही) ठेवले की ८ जोड्या होतात, त्यात ‘पैसे आले नाहीत, माल गेला आणि ऑर्डरही रद्द’ हीसुद्धा एक. त्याऐवजी एनम, म्हणजे ठरलेल्या अवस्थांपैकी एका वेळी एकच. मग सगळ्यांसमोर ‘रिफंड’ ही नवी अवस्था घालायची आणि ई०००४, म्हणजे ‘एक शक्यता हाताळायची राहिली’, किती ठिकाणी उगवतो ते बघू द्यायचं. अवस्थेप्रमाणे वाटा करणाऱ्या मॅचमध्ये कुणी अंडरस्कोअरची, म्हणजे ‘बाकी काहीही’ची शाखा ठेवली असेल तर मात्र कंपायलर तिथे गप्प बसतो. हे मुद्दाम दाखवणार आहे, कारण कामाच्या कोडमध्ये ती शाखा हमखास असते.

खरी मजा तिसऱ्या भागात, टाइपस्टेटमध्ये: ऑर्डरची अवस्था तिच्या टाइपमध्येच लिहायची. न भरलेल्या ऑर्डरवर ‘पाठवा’ ही मेथडच नसावी, एवढीच मागणी. टाइपस्क्रिप्टमध्ये ऑर्डरच्या टाइपला अवस्थेचा जेनेरिक पॅरामीटर (आत भरायचा दुसरा टाइप) दिला आणि आत तो कुठेच वापरला नाही, तर भरलेली आणि न भरलेली ऑर्डर कंपायलरला एकच वाटते. पुन्हा तेच, रचना सारखी. रस्ट उलट भांडायला उठतो: पॅरामीटर वापरलाच नाहीस, ई०३९२. म्हणून फँटमडेटा, पॅरामीटर वापरल्याचं दाखवणारं रिकामं फील्ड. तो ठेवला की न भरलेली ऑर्डर पाठवायला गेल्यावर ई०५९९ येतो, अशी मेथड नाही.

पण माझ्या मते रस्ट आणण्याचं खरं कारण पुढे आहे. टाइपस्क्रिप्टमध्ये अवस्था फील्डमध्ये ठेवून सगळं नीट जमवलं, तरी ‘भरा’ केल्यावर नवी ऑर्डर मिळते आणि जुना व्हेरिएबल तसाच जिवंत राहतो. त्याच्यावर पुन्हा ‘भरा’ म्हणा, टाइप चेकर मान डोलावतो. रस्टमध्ये ‘भरा’ सेल्फला, म्हणजे जिच्यावर ती बोलावली त्या ऑर्डरलाच गिळून टाकते. जुनी ऑर्डर वापरायला गेलं की ई०३८२, ही व्हॅल्यू आता दुसरीकडे गेली. बॉरोइंग, लाइफटाइम काहीही न सांगता रस्टच्या ओनरशिपचा (एका व्हॅल्यूचा मालक एका वेळी एकच) उपयोग दाखवायला यापेक्षा छोटं उदाहरण मला सापडलेलं नाही.

स्लाइडवर कमी कोड, जास्त एरर. कंपायलरचा संदेश मोठ्या अक्षरांत आणि वर तो आणणारी एकच ओळ. सरावाच्या वेळी ऑफिसमधल्या एका जावावाल्या मैत्रिणीने विचारलं, “रुपयांचे पैसे करताना चूक झाली तर?” प्रश्न इतका चांगला होता की त्याची वेगळी स्लाइडच केली. जावास्क्रिप्टमध्ये ४.३५ गुणिले १०० केलं की ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतात. टाइप अगदी बरोबर, रक्कम चूक. म्हणून रूपांतराचं फंक्शन एकाच जागी ठेवायचं आणि त्याला टेस्ट लिहायच्या. बाहेरून येणाऱ्या जेसन डेटाचंही तेच, दारातच तपासून मग आतला टाइप द्यायचा.

राहिलंय ते वेळेचं गणित. लाइव्ह कोडिंग पूर्ण टाळतोय: प्रत्येक टप्प्याचा कोड वेगळ्या गिट टॅगखाली जपून ठेवलाय, मंचावर फक्त तो चेकआउट करायचा आणि कार्गो चेक चालवून रस्टच्या एरर दाखवायच्या. आधीचं एखादं उदाहरण कापायचं की टाइपस्टेटनंतरचे प्रश्न कमी करायचे, यावर अजून घोडं अडलंय. टाइपस्क्रिप्टच्या ब्रँडचं सिंटॅक्स पहिल्यांदा बघणाऱ्याला बिचकवतं, तर तो भाग रस्टनंतर आणला तर सोपा जाईल का, हे पुढच्या सरावात उलटा क्रम लावून बघणार आहे.