शर्टाखाली दोन बनियन

आज भाच्याबरोबर प्लास्टिक सर्जनकडे गेलो होतो. बायकांसारखी वाढलेली छाती दिसू नये म्हणून हा मुलगा भर उन्हाळ्यातही शर्टाखाली दोन बनियन घालतो, हे मला, सख्ख्या मामाला, आजच कळले. डॉक्टरांनी चिमटीत धरून स्तनाग्रामागची रबरासारखी घट्ट ग्रंथी दाखवली. ती निव्वळ चरबी नसल्यामुळे जोर-बैठकांनी जात नाही. वयात येताना झालेली वाढ बहुधा २ वर्षांत आपोआप ओसरते. याची मात्र २१व्या वर्षीही तशीच आहे. ती ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेआधी संप्रेरकांची तपासणी करायची, सिगारेट बंद ठेवायची आणि नंतर काही आठवडे छातीवर घट्ट जाकीट घालायचे. आत रक्त साकळू शकते, संवेदनाही काही काळ कमी होते, हे त्यांनी न विचारता सांगितले, ते मला आवडले. अशी वाढ घडवू शकणाऱ्या, जिममधल्या स्नायू फुगवणाऱ्या इंजेक्शनांचा विषय निघाला, तेव्हा मात्र भाचा पंख्याकडे पाहू लागला.