मांडवा ते हरिहरेश्वर, फॅट टायरच्या ई-सायकलवर : वाळूचं काय ते आधी वाचा

विकणाऱ्याच्या व्हिडिओत ही सायकल कायम समुद्रकिनारी असते. चार इंची टायर, मागे उडणारं पाणी, मावळता सूर्य. प्रत्यक्षात तिला सगळ्यात जड जाणारं काम कुठलं असेल तर तेच. मांडवा ते हरिहरेश्वर हा वळणंवाकणं धरून सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा रस्ता तिने निमूटपणे पार केला. घात केला तो काशिदच्या वाळूतल्या अर्ध्या तासाने आणि त्याच रात्रीच्या चार्जिंगच्या बिलाने. म्हणून या वृत्तांतात निम्म्याहून जास्त मजकूर वाळूचा आणि विजेचा आहे.

सायकल कुठली ते आधी, म्हणजे आपल्याशी ताडून बघता येईल. २६ × ४ चे टायर, मागच्या चाकाच्या मध्यात, म्हणजे हबमध्ये, २५० वॉटची गिअर असलेली हब मोटर, ३६ व्होल्ट १३ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ४६८ वॉट-अवर, सात गिअर, १६० मिलिमीटरचे तारेवर चालणारे डिस्क ब्रेक. सायकल ३१ किलो. स्वार आणि सामान धरून सगळं मिळून ११५ किलो.

माहितीपत्रकावर रेंज ७० किलोमीटर. ती हलका स्वार, सपाट रस्ता, असिस्टची (पाय मारताना मोटरने द्यायच्या मदतीची) सगळ्यात खालची पातळी आणि वारा पडलेला, असं सगळं जुळून आलं तरच. ४६८ पैकी शेवटचा दहावा भाग वापरू नये, म्हणजे हाताशी उरतात ४२०. सपाट डांबरावर दुसऱ्या पातळीवर, पाय खरोखर मारत, किलोमीटरला १० वॉट-अवर लागतात : ४२ किलोमीटर. चढउतारांच्या रस्त्यावर १३ ते १४ : तीस-बत्तीस किलोमीटर. ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूवर १८ च्या आसपास. आणि कोरड्या भुसभुशीत वाळूत ५०. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी आठ किलोमीटरांत संपते. माहितीपत्रकातला आकडा सरळ निम्मा करा आणि त्यावरच मुक्काम ठरवा.

मुंबईहून निघणाऱ्यांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरावं. गेटवेच्या लाँचमध्ये ३१ किलोचं धूड चढवायच्या फंदात पडू नये. मांडवा–अलिबाग–चौल–रेवदंडा हा टप्पा चाळीसच्या आत आणि सपाट आहे. जेवण चौल-रेवदंड्यात घ्या आणि तेवढ्या वेळात सायकल बोर्डाला लावा. ३ अँपिअरचा चार्जर अडीच तासांत सात-साडेसात अँपिअर-अवर परत भरतो, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. कंपनीने २ अँपिअरचा चार्जर दिला असेल तर तेवढ्याला पावणेचार तास जातात. बॅटरीच्या लेबलवर ३ अँपिअर चालतो असं लिहिलेलं असेल तर निघण्याआधी चार्जर बदला. या प्रवासातला सगळ्यात उपयोगी खर्च तोच.

आता काशिद. साळावचा पूल, कोर्लई, मग चढउतार, आणि समोर तो पांढरट किनारा. किनाऱ्याला पाण्याकडे चांगला उतार आहे आणि वरची वाळू कोरडी, जाडसर, सुटी. रस्त्यावरून उतरल्यावर पहिल्या पन्नास मीटरांतच मागचं चाक खड्डा करतं. टायरमधल्या हवेचा दाब २० पीएसआय असेल तर चाक हलणारच नाही. ८ वर आणली तर चालतं, पण ताशी सहा-सात किलोमीटरने, आणि खरी गोम इथेच आहे. हब मोटर ठरावीक वेगाला नीट चालते. या वेगाला बॅटरीतून ओढलेल्या विजेपैकी निम्मी नुसती उष्णता होते. ती उष्णता चाकाच्या बंद डब्यात अडकते. आतले नायलॉनचे गिअर मऊ पडायला लागतात. कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा, शहाणा असेल तर करंट कमी करतो आणि सायकल मेल्यासारखी होते. शहाणा नसेल तर गिअरचे दात झडतात, आणि मग मोटर फिरल्याचा आवाज येतो पण चाक फिरत नाही.

हबवर हात ठेवून पाहा. तीन सेकंद ठेववत नसेल तर वीस मिनिटं सावलीत थांबा. त्यावर पाणी अजिबात ओतू नका. गरम हब एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि आसातल्या वायरच्या भोकातून बाहेरचं खारं पाणी आत ओढलं जातं. थ्रॉटल (पाय न मारता मोटर चालवणारा खटका) वाळूत वापरूच नका, तो चाक खोल रुतवतो. हलका गिअर, वजन मागे, हँडल सैल, आणि वळायचं तर मोठा घेर घेऊन. डिस्प्लेचं वजा बटण दाबून धरल्यावर सायकल चालीच्या वेगाने स्वतः पुढे सरकते, ती सोयही कोरड्या वाळूत खड्डाच करते. उतरा आणि ढकला.

निकाल स्पष्ट : काशिदला सायकल रस्त्यावर कुलूप लावून ठेवा आणि वाळूत चालत जा.

किनाऱ्यावर चालवायचीच असेल तर दिवेआगर. रुंद, सपाट, आणि ओहोटीला पाण्यालगतचा पट्टा डांबरासारखा घट्ट. मुरूडही चालतं. पण वेळ साधली पाहिजे, आणि त्यासाठी ॲप नको. किनाऱ्यावरचा जुना हिशोब पुरतो : तिथीला पाऊणने गुणा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. ओहोटीच्या आधीचे दीड-दोन तास आणि नंतरचा एक, एवढीच आपली वेळ. यातून आणखी एक गोष्ट निघते : अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी येते आणि पाणी जास्त लांब हटतं. अष्टमीला ती भर दुपारी बाराला येते, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी सुरूच्या बनाच्या दिशेने चढलेलं असतं. सहलीची तारीख शनिवार बघून नव्हे, तिथी बघून काढा.

वरच्या कोरड्या पट्ट्यात हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत शिरू नका. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी त्याच पट्ट्यात असतात. तसंही तिथे बॅटरी जाळण्यापलीकडे काही होत नाही.

हवेचे आकडे, याच वजनाला : डांबरावर मागे २०, पुढे १८. घट्ट ओल्या वाळूवर १२ आणि १०. भुसभुशीत वाळूतून बाहेर पडायचंच असेल तर ८ आणि ६. पाचच्या खाली गेलात तर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. साध्या पंपाचा काटा दहाच्या खाली काहीही दाखवतो, कमी दाबाचा डिजिटल गेज वेगळा घ्यावा लागतो. वाळूतून परत रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हा भरायची, हे कोणी सांगत नाही. लहान हातपंपाने एका चाकाला दोनशेच्या आसपास दाब मारावे लागतात. पंक्चरवाल्याकडे भरलीत तर तो सवयीने चाळीस मारेल. टायरवर बहुधा कमाल ३० लिहिलेलं असतं. बाजूला उभं राहून वीस सांगा आणि नंतर स्वतः मोजा.

आता विजेचं. वाटेतल्या एका मुक्कामी सकाळच्या बिलात 'गाडी चार्जिंग' म्हणून दीडशे रुपये लागले. हिशोब असा : रिकामी बॅटरी पूर्ण भरायला, चार्जरमधली गळती धरून, साधारण ०.५५ युनिट. युनिटला अगदी पंधरा रुपये धरले तरी सव्वाआठ रुपये. गिझरवर एक बादली पाणी तापवायला जवळजवळ तेवढीच वीज जाते आणि ती बादली खोलीभाड्यात असते. यजमानांचाही पूर्ण दोष नाही, 'गाडी' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे मोटार येते. म्हणून फोनवर खोली ठरवतानाच विचारा, आणि शब्द जपून वापरा : "सायकलची बॅटरी लावायची आहे, लॅपटॉपसारखा चार्जर आहे." वीस-तीस रुपये आपणहून द्या, त्यात कोणाचं वाईट होत नाही. दीडशे देऊ नका, कारण आज तुम्ही दिलेत की उद्या तो दर होतो. बॅटरी काढून खोलीत न्या. पाच मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड बरोबर हवाच, प्लगचा बोर्ड नेहमी पलंगाच्या मागे असतो. संध्याकाळी पोहोचल्या पोहोचल्या लावा, पहाटेवर ठेवू नका. कोकणात वीज गेली की ती कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक.

मुरूडहून आगरदांडा, तिथून फेरीबोटीने दिघी. सायकलचं आणि मोटारसायकलचं तिकीट वेगळं असतं. मोटर बघून दुसरं तिकीट फाडलं जाऊ शकतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती पाव किलोवॉटपेक्षा कमी असलेली, ताशी २५ किलोमीटरच्या आतली आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंतची बॅटरीची गाडी मोटार वाहनात धरत नाहीत. नियमाची छापील प्रत आणि सायकलच्या फ्रेमवरचं लेबल दाखवा, शांतपणे. मात्र ५०० किंवा ७५० वॉटची मोटर बसवून 'लायसन्स लागत नाही' असं सांगून विकलेली सायकल असेल तर वाद घालू नका, तुमची बाजू खोटी आहे. रॅम्पवर शेवाळ आणि लोखंडी पत्रा असतो. मोटर बंद करा आणि उतरून न्या. रुंद टायर ओल्या शेवाळावर अरुंद टायरपेक्षा चांगला धरतो हा गैरसमज आहे.

बोटीतून उतरल्यावर चढ असतो, जेट्टी समुद्राच्या पातळीला असल्यावर दुसरं काय असणार. हब मोटरवाल्यांनी चढाचा एक नियम पाळावा : वेग ताशी दहाच्या खाली जाऊ द्यायचा नाही. जाऊ लागला की मोटरला ओढायला लावू नका, सगळ्यात हलका गिअर टाकून पाय जोरात फिरवा. कंपनीचं १४-२८ दातांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) इथे अपुरं पडतं. १४-३४ चं बसवून घ्या आणि चेन दोन-तीन कड्यांनी वाढवायला सांगा. शंभर मीटर उंची एकट्या मोटरने चढवली तर ५० वॉट-अवर जातात. उतारावर यातलं काहीच परत मिळत नाही, गिअरच्या हब मोटरमध्ये वीज परत भरत नाही. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका, मारा आणि सोडा. रेझिनचे पॅड या वजनाला लवकर झिजतात, एक जोडी जास्तीची ठेवा.

दिवेआगर–शेखाडी–श्रीवर्धन हा किनाऱ्यालगतचा रस्ता सुंदर आहे. काही बिघडलं नाही, त्यामुळे लिहिण्यासारखंही काही नाही.

पंक्चर मागच्या चाकाला झालं तर चाक काढू नका. मोटरची वायर, तिचा कनेक्टर, झिप टाय, आसावरचे टॉर्क वॉशर (आस जागच्या जागी फिरू न देणारे), हे सगळं रस्त्याच्या कडेला उलगडलं की परत तसंच बसत नाही. सायकल आडवी करा, टायरची एक बाजू रिमवरून उतरवा, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढा, भोक शोधून ठिगळ लावा. बाभळीचा काटा आणि कालवांचे शिंपले हे दोन गुन्हेगार, त्यामुळे टायरच्या आतून बोट फिरवून टोक उरलंय का ते बघाच. ट्यूबच फाटली तर मात्र चाक काढावं लागतं. त्यासाठी १८ चा पाना (काही सायकलींना १९), चार झिप टाय आणि एक २६ × ४ ची ट्यूब बरोबर हवी. ही ट्यूब वाटेत कुठल्याही गावात मिळणार नाही. घरी एकदा चाक काढून-बसवून पाहा, वॉशरचा दात कुठल्या खाचेत बसतो त्याचा फोटो काढून ठेवा.

खारं पाणी आसाच्या वर येऊ द्यायचं नाही, म्हणजे लाटांत घुसवायची नाही. त्याच संध्याकाळी बादली-मगने गोड्या पाण्याने धुवा. सर्व्हिस सेंटरवाला प्रेशर पंप नको, तो पाणी बेअरिंगमध्ये घुसवतो. चेन पुसून तेल, बॅटरीच्या पिनांवर किंचित डायइलेक्ट्रिक ग्रीस. मोटर अचानक बंद पडली तर आधी ब्रेकचे दांडे बघा. त्यांत मोटर तोडणारा स्विच असतो, रेती अडकून दांडा अर्धवट राहिला की मोटरला वाटतं ब्रेक दाबलेला आहे. त्यानंतर पाय फिरतायत हे मोटरला कळवणारी पेडलजवळची चुंबकांची चकती बघा, वाळूचा थर पुसला की ती पुन्हा काम करते.

हरिहरेश्वरला पोहोचल्यावर पाय हलत नसताना बनलेलं मत हे : एका बॅटरीवर पुढे बागमांडल्याहून खाडीपलीकडच्या वेसवीला जाऊ नका. दुसरी बॅटरी असेल तर जरूर जा. परतीला माणगावपर्यंत पिकअप ठरवा, सायकल गिअरची बाजू वर करून निजवा, खाली पोतं घाला, आणि बॅटरी व डिस्प्ले काढून स्वतःजवळ घ्या. चावी बॅटरीच्या कुलपात विसरू नका, ती पहिल्याच खड्ड्याला वाकते.