डेल्फ्टचा पाईक, कुहीची मरळ

नागपुरात गरीनं मासे धरायला शिकायचं म्हटलं की हल्लीची मुलं आधी मोबाइल उघडतात, आणि तिथे त्यांना पहिला भेटतो तो पाईक. हिरवट लांबट अंग, त्यावर फिकट ठिपके, चपटा जबडा आणि तोंडभर दात. ते व्हिडिओ मीही मन लावून पाहते. पण आमच्या कॉलेजातल्या एका मुलानं लॅबमध्ये येऊन विचारलं, "मॅडम, पाईकसाठी खिंडसी तलाव बरा की वडगाव धरण?" तेव्हा वाटलं, हे एकदा नीट लिहायला हवं.

पाईक आपल्याकडे नाही. तो उत्तर गोलार्धातल्या थंड पाण्याचा मासा. तिकडे उन्हाळ्यात पाणी तापलं तर जाणकार लोक त्याच्यामागे जात नाहीत, कारण कोमट पाण्यात झुंजून दमलेला पाईक सोडला तरी मरू शकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पण पाईक जशी शिकार करतो तशीच करणारी मरळ मात्र विदर्भातल्या गवताळ तळ्यांत जागोजागी आहे. तेव्हा पाईकचं शिक्षण वाया जात नाही. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं एवढंच कळायला हवं.

माझा भाचा नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला शिकतो. तिथे कुरणांमधून पाण्याचे अरुंद चर गेलेत आणि त्यांत पाईक असतात. तो दर रविवारी फोनवर सांगत असतो, "मावशी, तो गवताच्या कडेला नुसता उभा असतो. हलतसुद्धा नाही." पाईकच्या पाठीवरचा पर पार शेपटीजवळ असतो, त्यामुळे त्याची पहिली झेप जबरदस्त, पण लांबवर पाठलाग करणं त्याचं काम नाही. आमिष त्याच्या दाराशी न्यावं लागतं. मरळीची शरीररचना वेगळी, तिचा पर डोक्यामागून शेपटीपर्यंत लांब पसरलेला, पण दबा धरायची सवय तीच. कमळाच्या पानाखाली, पाणकणसाच्या बुंध्याशी, शिंगाड्याच्या वेलांत ती असते. मधल्या उघड्या पाण्यात दिवसभर गरी फेकून नवशिके कंटाळतात. कडेला फेका.

शिवाय मरळ स्वतःचा पत्ता सांगते, आणि ही सोय पाईकवाल्यांना नाही. तिला पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर भागत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्यात, हवेसाठी वेगळी पोकळी असते, आणि ती भरायला तिला थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं. म्हणूनच भोईपुऱ्याच्या बाजारात ती जेमतेम पाण्याच्या टबातही जिवंत असते आणि जिवंत असते म्हणून भाव खाते. तळ्याची पाळ चढून आलं की लगेच गरी काढू नका. खाली बसा. पानांच्या मधल्या मोकळ्या जागा पाहा. एक छोटा घोट घेतल्यासारखा आवाज येतो आणि पाण्यावर वर्तुळ उठतं. सकाळी ऊन चढायच्या आत हे फार स्पष्ट दिसतं. मला तर गरी न टाकता नुसतं हे पाहायलाही आवडतं.

मी जाते ते तळं कुही तालुक्यात आहे, जुन्या मालगुजारांच्या काळातलं, म्हणजे मामा (माजी मालगुजारी) तलाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाची, रोजी त्या पाण्यावर आहे. अशा बहुतेक तळ्यांत मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असतो. संस्थेचे लोक पदरचे पैसे घालून रोहू-कटल्याचं बीज सोडतात. म्हणून पहिलं काम म्हणजे सोसायटीच्या माणसाला भेटणं, विचारणं, सांगतील ते पैसे देणं. हॉलंडमध्ये भाच्याजवळ विस्पास नावाचं मासेमारीच्या परवान्याचं कार्ड असावंच लागतं, त्याशिवाय तो पाण्याला हात लावत नाही. आपल्याकडे कार्ड नाही म्हणून तळं बेवारस होत नाही. तोतलाडोहचा जलाशय तर पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातल्या पाण्यालाही तेच लागू. फुटाळा-अंबाझरीच्या काठावर शिकू नका असंही मी सांगते, कारण तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते आणि नवख्या हाताची गरी मागे कुठे जाईल याचा नेम नसतो.

फेकायला शिकायला पाणी लागतही नाही. आमच्या मानेवाड्याच्या ले-आऊटमध्ये मोकळे प्लॉट आहेत. तिथे सायकलचं जुनं टायर ठेवायचं, आमिषाच्या आकड्यांना चिकटपट्टी गुंडाळायची आणि संध्याकाळी टायरच्या आत आमिष पाडायचा सराव करायचा. लांब फेकण्याचं कौतुक नको. मरळीसाठी वीस पावलांवर नेमकं पाडता आलं की पुरे.

सामानाबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं, म्हणून थोडक्यात. साडेसहा ते सात फुटांचा, जरा कडक रॉड. ३००० आकाराचा साधा स्पिनिंग रील. त्यावर ३० पौंडांची विणलेली लाइन. नायलॉनची ताणली जाते, आणि पानांच्या गुंत्यातून मरळ बाहेर ओढताना तो ताण आपल्याविरुद्ध जातो. पाईकसाठी लाइनच्या टोकाला स्टीलची तार लावतात, ती हवीच, नाहीतर त्याचे दात लाइन कापून मासा तोंडात आकडे घेऊन निघून जातो. मरळीला तारेची गरज नाही. आमिष एकच घ्या, मऊ रबरी बेडूक. त्याचे दोन आकडे पाठीला चिकटून वर तोंड करून असतात, त्यामुळे तो पानांवरून न अडकता घसरत येतो. पाईकच्या व्हिडिओंत दिसणारे तीन-तीन आकड्यांचे चमचे, म्हणजे चमच्याच्या आकाराची धातूची आमिषं, आपल्या कमळाच्या तळ्यात पहिल्याच फेकीला गुंततात. त्यांवर पैसे घालू नका. लांब नाकाची पकड मात्र खिशात हवीच, आणि पायात गमबूट, कारण पाळीच्या गवतात साप असतात.

आता खरी गोष्ट. बेडूक पानांच्या पलीकडे फेकायचा, पानावर ओढायचा, आणि मोकळ्या पाण्याच्या छिद्रात आला की थांबवायचा. तिथेच पाणी फुटतं. तो आवाज एवढा अचानक येतो की हात आपोआप मागे जातो, आणि हात मागे गेला की बेडूक रिकामा उडून येतो. मरळ बेडूक आधी तोंडात दाबते, घेऊन खाली जाते, मग वळवते. आकडे पाठीवर दडलेले असतात, ते टोचायला रबर दबावं लागतं. मला हे पाळीवर बसून जाळं विणणाऱ्या एका ढिवर काकाजींनी सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आवाजावर नको वढू. तिले घेऊ दे ना. दोरी जड लागली का मंग वढ." मी आजही आवाज आला की रॉडचं टोक पाण्याकडे झुकवते, मनात एक-दोन म्हणते, लाइनवर वजन आलं की मगच खेचते. पाईक शिकवणारे उलट सांगतात, झेप बसली की लगेच ओढा, उशीर केला तर तो आकडे खोल गिळतो आणि काढताना मरतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे. मासा आमिष कसं घेतो ते पाहिल्याशिवाय कधी ओढायचं हे ठरवता येत नाही.

खेचल्यावर मात्र थांबायचं नाही. तिला परत पानांत शिरू दिलं तर देठाभोवती लाइन गुंडाळते. रॉड वर, रील सतत. काठाशी आली की ओल्या फडक्यानं मानेमागे धरायची. हवेत श्वास घेते म्हणून तापलेल्या दगडावर टाकून फोटो काढायचे, हे मला सहन होत नाही. अंगावरचा बुळबुळीत थर गेला की तिला रोग लागतो. सोडायची तर ओल्या गवतावर आकडा काढा आणि लगेच सोडा. खायची तर एक न्या. काटे कमी, मांस घट्ट, सावजी मसाल्यात उत्तम लागते.

पावसाळ्याबद्दल माझं मत ठाम आहे. मृगाच्या सरी आल्या, तळं भरू लागलं की मरळ काठाच्या उथळ गवतात जागा साफ करून अंडी घालते. अंडी तरंगतात आणि आईबाप राखण करतात. पुढे पाण्यावर नारिंगी-लाल पिल्लांचा थवा फिरताना दिसतो, एकदम वर येऊन हवा घेतो, पाण्यात उकळी फुटल्यासारखं दिसतं. त्याच्या खाली मोठी मरळ असते. या वेळी थव्याजवळ बेडूक टाकला तर ती झडप घालतेच, भूक म्हणून नव्हे, पिल्लांना वाचवायला. तिला काढलं की उरलेली पिल्लं बाकीचे मासे आणि बगळे संपवतात. असे व्हिडिओ टाकून शाबासकी मिळवणारे खूप आहेत. नवीन शिकणाऱ्यांनी त्यांचं अनुकरण करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हॉलंडमध्ये १ मार्चपासून मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत पाईक धरायला कायद्यानं बंदी असते, कारण तो त्याच्या विणीचा हंगाम. शेजारच्या तेलंगणानं मरळीला राज्य मासा केलं आहे. आपण निदान तिची पिल्लं मोठी होईपर्यंत थांबू शकतो.

मी जूनपासून सप्टेंबरपर्यंत रॉड बाहेर काढत नाही. त्या दिवसांत रील उघडून गाळ पुसते, लाइनचा झिजलेला पुढचा भाग कापते, आकड्यांना धार लावते. ज्या मुलानं पाईकबद्दल विचारलं, त्याला सोसायटीच्या काकाजींचा नंबर देईन, त्यांना विचारून. दिवाळीनंतर त्यानं आधी पाळीवर जाऊन नुसतं बसावं, तास-दोन तास, आणि मरळ कुठे कुठे वर येते ते वहीत टिपून मला दाखवावं. मग बेडूक मी देते.