सरांच्या कॉलरचा माईक

बारावीपर्यंत पहिल्या बाकावर बसून ओठ वाचत निभावलं. बी.एस्सी.ला आल्यावर ते जमेना. सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात, अन् पाठीला ओठ नसतात.

आधी दिव्यांग प्रमाणपत्र. यवतमाळच्या तीन चकरा झाल्या. बंद खोलीत हेडफोन लावून आवाज आला की बटण दाबायचं, मग 'बेरा' या कानाच्या तपासणीसाठी डोक्याला वायरी चिकटवून निपचित पडायचं. दोन्ही कानांत ऐकण्यातली घट ६२ डेसिबल निघाली. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारा, ७०च्या पुढे बहिरा. बाबा म्हणाले, "आठ मार्कानं वाचली न बाई तू!"

कार्ड हाती आलं, पण वर्गात कार्ड ऐकत नाही. कानातलं मशीन सरांसोबत पंख्याचाही आवाज वाढवतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. वर्गात भिंतींचा घुमारा असतो, त्यात वर टिनाचं छप्पर अन् पाऊस.

मग मोबाईलवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब घेतलं. २०१९मध्ये आलेलं हे ॲप बोललेलं लिहून दाखवतं, मराठीही कळते त्याला. पहिल्या दिवशी फोन सरांच्या टेबलावर ठेवला. सर दोन पावलं सरकले की अक्षरं थांबायची. म्हणून सोयाबीनच्या पैशातून कॉलरचा बिनवायरचा माईक घेतला. रिसीव्हर माझ्या फोनला, माईक सरांना. सर म्हणाले, "मी काय टीव्हीवाला आहो का?" पण लावला.

तरी गंमत संपली नाही. वनस्पतिशास्त्रातल्या 'जायलेम'चं 'जाईल एम', 'फ्लोएम'चं 'फुलं एम'. ॲपमध्ये आपले शब्द घालता येतात, म्हणून आदल्या रात्री धड्यातले शब्द भरून ठेवू लागले. सर वऱ्हाडीवर उतरले की मात्र त्याचं डोकं फिरतं. रेंज गेली की सगळंच बंद. तेव्हा शेजारणीची वही.

सगळ्यात अवघड निघाले मागच्या बाकावरचे प्रश्न. माईक सरांकडे, त्यामुळे मला नुसती उत्तरं दिसायची. 'हो, पण पानातून' म्हणजे कशाला 'हो'? प्रश्न आधी स्वतः म्हणा, मग उत्तर द्या, हे सरांच्या अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले. माईकपेक्षा हेच जास्त कामाचं ठरलं.

एकदा सर माईक न काढताच व्हरांड्यात गेले. मी वही लिहीत होते, फोनवर ओळी उमटू लागल्या: 'कापूस नाही विकला अजून', 'भाव पाहून राहिलो'. दुसऱ्याचं बोलणं असं न मागता माझ्यापर्यंत कधी आलंच नव्हतं. सर परत येईपर्यंत मी सगळं वाचलं. मग बोट दाखवून सांगितलं, "सर, माईक चालू होता."

कॉलर धरून ते म्हणाले, "भाव किती म्हटला होता मी?"