कुठल्या फ्रिजमध्ये?

"हे फ्रिजमध्येच ठेवा हं," फार्मसीतली मुलगी म्हणाली.

माझ्या पुढचा माणूस इन्सुलिनच्या खोक्याकडे बघत राहिला. पाठीवर गुंडाळलेली स्लीपिंग बॅग. "कुठल्या?" चेष्टेने नाही, खरंच विचारलं त्याने.

ती गोंधळली. मी मोबाइल बघायचं सोंग केलं.

रात्री इथल्याच, टोरांटोच्या डॉ. स्टीफन ह्वांग यांचा २००० सालचा अभ्यास शोधून वाचला. बेघरांच्या शेल्टरमध्ये राहणाऱ्या पुरुषांचे मृत्यू त्यांनी मोजले होते. १८ ते २४ वयाच्या पोरांत मृत्यूचं प्रमाण शहरातल्या त्याच वयाच्या पुरुषांच्या आठपट! (मला वाटलं होतं, म्हाताऱ्यांचं जास्त असेल.) ४५ ते ६४ मध्ये फरक कमी, कमी म्हणजे तरी दुपटीहून जास्तच.

आमच्या फ्रिजमध्ये परवाची आमटी पडून आहे.

त्याने ते खोकं कुठे ठेवलं असेल?