बाहुली नाही, छाती

सप्टेंबर. रात्रपाळी.

कपाशीवर फवारणी सुरू झाली की विदर्भातल्या कॅज्युअल्टीत लसणासारखा वास घेऊन कीटकनाशकाच्या विषबाधेचे पेशंट येऊ लागतात. गावाकडे कीटकनाशकालाही ‘औषध’च म्हणतात. त्यामुळे ‘औषध घेतलं’ एवढ्यावर थांबू नये, ‘कुठलं? पिकावरचं का?’ हे विचारावंच आणि बाटली मागवावी. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असेल तर शरीरातल्या ज्या एन्झाइमला ते बंद पाडतं, त्यावरची त्याची पकड काही तासांतच पक्की होते, मग ती पकड सोडवणाऱ्या प्रॅलिडॉक्सिम या उताऱ्याचा फारसा उपयोग उरत नाही. क्लोरपायरिफॉसमध्ये प्रॅलिडॉक्सिमला जास्त वेळ मिळतो.

ग्लोव्ह्ज घालून आधी कपडे उतरवायचे, अंग साबण-पाण्याने धुवायचं, केसही. पण छाती घरघरत असेल तर ॲट्रोपिन, म्हणजे स्राव सुकवणारं इंजेक्शन, त्याआधी.

एका अँप्यूलमध्ये ०.६ मिलीग्रॅम असतं. सुरुवात ३ ते ५ अँप्यूलनी. ५ मिनिटांनी छाती ऐकायची, फरक नसेल तर डोस दुप्पट, तरीही नसेल तर पुन्हा दुप्पट. नवे डॉक्टर इथेच अडखळतात. नाडी १२० दिसली की हात आखडतो, आणि पेशंट आपल्याच स्रावात बुडत राहतो. जलद नाडी हे ॲट्रोपिन न देण्याचं कारण नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबणंही तितकंच चुकीचं. फुप्फुसं मोकळी, काख कोरडी, नाडी ८०च्या वर, वरचा रक्तदाब ८०च्या वर, हे जमलं की थांबायचं. काखेत बोटं घालून बघायला लाजू नये, कपाळ पंख्याखाली फसवतं.

मग लागलेल्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला इन्फ्युजनने, म्हणजे शिरेतून सावकाश सतत. १५ मिलीग्रॅम लागलं असेल तर तासाला दीड ते तीन. पेशंट भ्रमात चादर ओढू लागला, अंग तापलं, पोटाचे आवाज बंद झाले, लघवी अडली तर ॲट्रोपिन जास्त झालंय. इन्फ्युजन बंद करायचं, हे उतरलं की आधीच्या ७०-८० टक्के वेगाने पुन्हा सुरू.

खरी भीती त्यानंतरची. पेशंट शुद्धीवर येतो, बोलतो, नातेवाईक सुटीचं विचारू लागतात, आणि २४ ते ९६ तासांत मानेचे, मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. यावर ॲट्रोपिन चालत नाही, व्हेंटिलेटरच लागतो. म्हणून पाळी बदलताना पुढच्या डॉक्टरला द्यायच्या हँडओव्हरच्या कागदावर ठळक लिहायचं: ‘उशीवरून मान उचलतो का? दर ४ तासांनी बघा.’